मुलांचे धर्मशिक्षण आणि पालकांचा संकोच : वसईतील एका धर्मग्रामाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण वसई तालुक्याच्या उत्तर पट्ट्यातील एका जुन्या धर्मग्रामात (एका चर्चशी जोडलेल्या ख्रिस्ती वस्तीत) घडले. गावाची आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत व काही किरकोळ तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र होता तसाच ठेवला आहे. मी शेजारच्या धर्मग्रामात धर्मशिक्षण देते. या धर्मग्रामाच्या धर्मशिक्षण समितीने आपल्या बैठकांना मला बोलावले होते, त्यामुळे पुढील बहुतेक गोष्टी मी स्वतः पाहिलेल्या किंवा संबंधितांच्या तोंडून ऐकलेल्या आहेत.

१९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून या गावात रविवारचा धर्मशिक्षण वर्ग भरत आला आहे. मुलांची मिस्सा (चर्चमधील सामूहिक उपासना) संपली की मुले रांगेने चर्चशेजारच्या शाळेत जातात आणि तेथे तासभर वर्ग चालतो. दर रविवारी तासभर मुलांना धर्मशिक्षण द्यावे हा दंडक पोप पायस दहावे यांनी १९०५ साली जगभरच्या धर्मग्रामांना घालून दिला. मुलांना समज येताच, म्हणजे साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास, पहिला ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत येशूचे शरीर म्हणून दिली जाणारी भाकर, म्हणजे होस्ती) मिळावा हेही १९१० साली त्यांच्याच काळात ठरले. या गावात तो संस्कार चौथीच्या वर्षी दिला जातो. त्या वर्षी मुलांना आधी प्रायश्चित्त संस्कारासाठी (पापांची कबुली देऊन क्षमा मागण्यासाठी) आणि मग ख्रिस्तप्रसादासाठी तयार केले जाते. शिकवणारे सगळे स्वयंसेवक असतात : दोन धर्मभगिनी, काही निवृत्त शिक्षिका, तीन-चार गृहिणी आणि कॉलेजात जाणारी मोजकी मुले.

गावाची वस्ती आता एकसारखी राहिलेली नाही. आळ्यांमधून जुनी शेतकरी घरे आहेत, तेथे आजही पहाटे मोगऱ्याच्या आणि कागड्याच्या कळ्या खुडून दादरच्या बाजाराला पाठवल्या जातात. पण त्याच घरांतले पुरुष आणि बऱ्याचशा स्त्रिया विरार लोकलने मुंबईला कामाला जातात, काहीजण आखाती देशांत किंवा जहाजावर असतात. स्टेशनच्या बाजूला नव्या इमारती झाल्या असून त्यांत मंगळूर, गोवा आणि केरळहून आलेली कॅथलिक कुटुंबे राहतात. त्यांच्यासाठी इंग्रजी मिस्सा होते. जुन्या घरांत आजी-आजोबा सामवेदी बोलीत बोलतात, वर्ग मराठीत चालतो आणि जवळजवळ सगळी मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात.

अडचण

पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या आधी प्रमुख धर्मगुरू प्रत्येक मुलाशी थोडा वेळ बोलत. एरवी या बोलण्याला परीक्षेचे रूप आलेले होते. धर्मगुरू पुस्तकातले प्रश्न विचारत, मुले पुस्तकातली उत्तरे देत. ज्या वर्षाची ही हकीगत आहे त्या वर्षी धर्मगुरू नवीन होते आणि त्यांनी पुस्तक बाजूला ठेवले. सात संस्कार कोणते, हे एका मुलाने न अडखळता सांगितले होते. त्याला त्यांनी विचारले, ‘‘येशूला तू कशासाठी स्वीकारणार आहेस?’’ मुलगा गोंधळला, दाराशी उभ्या असलेल्या शिक्षिकेकडे वळला आणि म्हणाला, ‘‘टीचर, हा कितवा प्रश्न?’’

त्या दिवशी बहुतेक मुलांचे असेच झाले. घरी प्रार्थना कोण म्हणते, या प्रश्नावर अनेकांनी ‘‘आजी’’ असे उत्तर दिले आणि काहींनी काहीच नाही. मिस्सेला कोणाबरोबर येतोस, असे विचारल्यावर ‘‘रिक्षाने’’ असेही एक उत्तर आले. मुलांकडून परिश्रमात कसूर झालेली नव्हती, शिक्षिकांकडूनही नव्हती. तोंडपाठ करायला सांगितलेले सारे मुलांनी चोख केले होते. चर्चच्या कायद्याच्या कलम ९१३ मध्ये मुलांकडून दोन गोष्टींची अपेक्षा आहे : आपल्या कुवतीप्रमाणे ख्रिस्ताचे रहस्य समजणे, आणि श्रद्धेने व भक्तीने प्रभूचे शरीर स्वीकारता येणे. त्या कसोटीवर ही तयारी उतरते का, हा धर्मगुरूंचा प्रश्न होता आणि समितीतल्या कोणालाही त्याचे उत्तर ‘हो’ असे छातीठोकपणे देता येईना.

विचारात घेतलेले पर्याय

समितीच्या पहिल्या बैठकीत सोहळा पुढे ढकलण्याची सूचना आली. तिच्यावर फार वेळ गेला नाही. घरोघरी कपडे शिवून झाले होते, परदेशातून नातेवाईक येणार होते आणि मुख्य म्हणजे दोष मुलांचा नसताना शिक्षा मुलांना झाली असती. धर्मगुरूंनी स्वतःच ती सूचना बाजूला सारली आणि उरलेल्या आठवड्यांत प्रत्येक मुलाशी पुन्हा एकदा निवांत बोलण्याचे ठरवले. त्या वर्षीचा संस्कार ठरल्या दिवशी झाला.

पुढच्या वर्षासाठी मात्र खरी चर्चा झाली. सर्व मुले इंग्रजी माध्यमात शिकतात तर वर्गही इंग्रजीत घ्यावा, असा एक आग्रह होता आणि त्याला इमारतींतल्या पालकांचा जोरदार पाठिंबा होता. मुले ज्या भाषेत गणित आणि विज्ञान शिकतात त्या भाषेत त्यांना वाचायला सोपे जाते, हे खरेच आहे. पण मराठी मिस्सेला येणाऱ्या मुलाच्या आजीची प्रार्थना एका भाषेत, मिस्सा दुसऱ्या आणि धर्मशिक्षण तिसऱ्या, अशी फाळणी झाली तर घर आणखी दूर जाईल, अशी मराठी वर्गाच्या शिक्षिकांना भीती होती. मला ती भीती रास्त वाटली. दुसरा पर्याय होता वर्ग चर्चच्या शाळेकडे सोपवण्याचा. तो लवकरच मागे पडला, कारण निम्मी मुले त्या शाळेत नव्हतीच. तिसरा पर्याय होता हजेरीची सक्ती, आणि चौथा, एका तरुण स्वयंसेवकाने जरा भीतभीतच मांडलेला, असा की पालकांनाच शिकवावे.

चौथ्या पर्यायाला शास्त्राधार भक्कम होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरातले चर्च म्हटले. चर्चच्या कायद्याचे कलम ७७४ सांगते की, शब्दाने आणि आचरणाने मुलांना श्रद्धेत घडवण्याचे कर्तव्य सर्वांआधी आईवडिलांचे आहे, आणि कलम ९१४ ख्रिस्तप्रसादाच्या तयारीची जबाबदारी सोपवताना पालकांचे नाव धर्मगुरूंच्या आधी घेते. हे सर्व समितीला ठाऊक होते. तरीही बैठकीत सर्वमान्य झालेले निदान असे होते की, आजच्या पालकांना श्रद्धेची पर्वा नाही. ट्यूशन, फुटबॉल आणि स्पर्धा परीक्षा यांपुढे त्यांना धर्मशिक्षण दुय्यम वाटते. ज्यांना पर्वा नाही त्यांना शिकवायला बोलावले तर येणार कोण? या एका प्रश्नाने चौथा पर्याय मागे पडला आणि सक्ती पुढे आली.

पहिला निर्णय : हजेरीचे कार्ड

जूनमध्ये चौथीच्या प्रत्येक मुलाला एक कार्ड देण्यात आले. रविवारच्या मिस्सेनंतर आणि वर्गानंतर त्यावर शिक्का मारायचा, ठरावीक शिक्के नसतील तर मुलाचा संस्कार पुढच्या वर्षावर जाईल, असा नियम झाला. आकड्यांत पाहिले तर उपाय लागू पडला. मुलांची हजेरी वाढली, उशिरा येणे कमी झाले.

पण शिक्का मारणाऱ्या शिक्षिकांना जे दिसत होते ते आकड्यांत येत नव्हते. मुले एकटी येत, कार्ड पुढे करीत आणि शिक्का मिळताच निघून जात. एक वडील मोटारसायकल चालू ठेवून फाटकाशी थांबत. आजारी मुलाचे कार्ड धाकट्या भावाबरोबर पाठवण्याचा प्रकारही झाला. चर्चच्या दारात हिशेब लिहायला बसल्यासारखे वाटते, अशी तक्रार एका शिक्षिकेने लेखी केली. ऑगस्टच्या बैठकीत ती तक्रार वाचली गेली तेव्हा दोघीतिघींनी माना हलवल्या, आणि ज्या तरुणाने चौथा पर्याय मांडला होता त्याने एवढेच विचारले की, पालक का येत नाहीत हे आपण पालकांना कधी विचारले आहे का.

विचारलेले नव्हते. या साऱ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय यानंतर झाला, तो म्हणजे आणखी कोणताही नियम करण्यापूर्वी चौथीच्या प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन येण्याचा.

घरभेटी

दोघा-दोघांच्या जोड्या करून, वेळ आधी कळवून, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या भेटी झाल्या. ऑक्टोबर हा रोझरीचा (जपमाळेवरच्या मरियेच्या प्रार्थनेचा) महिना असल्यामुळे आळीतली घरे संध्याकाळी तशीही उघडी असतात. जोड्यांना सूचना होती की कार्डाचा विषय काढायचा नाही आणि उपदेश करायचा नाही. मुलाच्या तयारीत आम्ही तुम्हाला काय मदत करू शकतो, एवढेच विचारायचे.

मी एका भेटीत बरोबर होते. घर शेतकऱ्याचे, ओटीवर अल्तार (प्रार्थनेची वेदी), समोर मेणबत्ती आणि त्या सकाळी बाजाराला न गेलेल्या कागड्याच्या कळ्यांची वेणी. मुलाची आई वसईच्या एका इस्पितळात परिचारिका होती आणि रात्रपाळीला निघायच्या घाईत होती. आमच्यातल्या सिस्टरांनी प्रश्न विचारल्यावर ती काही क्षण गप्प राहिली आणि म्हणाली, ‘‘सिस्टर, खरं सांगू? मलाच काही येत नाही. तो मला विचारतो की होस्तीमध्ये येशू कसा मावतो, आणि मी त्याला सांगते, टीचरला विचार. चुकीचं काही सांगितलं तर पाप लागेल म्हणून मी बोलतच नाही.’’ सासूबाई आतून म्हणाल्या, ‘‘मला तर पोरगा काय बोलतो तेच कळत नाही.’’

वेगवेगळ्या शब्दांत हीच गोष्ट घराघरांतून ऐकू आली. पालकांचे स्वतःचे धर्मशिक्षण दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराच्या) वेळी, पंधरा-सोळाव्या वर्षी संपले होते. त्यांना प्रश्नोत्तरे अर्धवट आठवत होती, आणि पुस्तकी उत्तर येत नसेल तर तोंड उघडू नये असे त्यांच्या मनावर लहानपणीच ठसलेले होते. आपण शिकवायला लायक नाही, म्हणून लायक माणसांच्या हाती मूल सोपवले, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. समितीने ज्याला बेपर्वाई म्हटले होते तो बहुतांश संकोच होता. खरोखरच ज्यांना स्वारस्य नव्हते अशीही घरे निघाली, पण ती थोडी होती.

शिवाय ज्यांचा विचार नियम करताना कोणाच्या मनातही आला नव्हता अशी घरे या भेटींत समोर आली. एका मुलीची आई हिंदू होती. ती मुलीला नेमाने वर्गाला सोडत असे, पण स्वतः आत यावे की नाही हे न कळल्याने बाहेर पायरीवर बसून राहत असे. एका मुलाचे वडील जहाजावर, एका मुलीचे आईवडील विभक्त. ‘आईवडिलांनी मुलाबरोबर यावे’ असा सरसकट नियम झाला असता तर या मुलांना दर रविवारी आपले वेगळेपण जाणवले असते.

केलेली कार्यवाही

नोव्हेंबरमध्ये कार्ड बंद झाले. त्याऐवजी महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी पालकांची बैठक सुरू झाली. दिवस ठरवताना लोकलचे वेळापत्रक डोळ्यांपुढे ठेवले गेले, कारण रविवारी सकाळी बोलावले असते तर पुन्हा फक्त आयाच आल्या असत्या. या बैठकीत पालकांची कोणतीही चाचणी घ्यायची नाही, हा पहिला नियम होता. मुलांनी घरी विचारलेले प्रश्न पालकांनी चिठ्ठीवर नाव न लिहिता टाकायचे आणि धर्मगुरूंनी किंवा सिस्टरांनी त्यांतले दोन-तीन घेऊन सावकाश बोलायचे. त्या परिचारिकेचा होस्तीविषयीचा प्रश्न पहिल्याच शनिवारी निघाला आणि त्यावर दीड तास गेला.

बैठकीच्या जोडीला दर आठवड्याला एक कागद घरी जाऊ लागला. त्यावर येत्या रविवारचा बायबलच्या शुभवर्तमानातील उतारा, आईबाबांनी मुलाला विचारायचा एक प्रश्न, मुलाने आईबाबांना विचारायचा एक प्रश्न आणि दोघांनी मिळून म्हणायची चार ओळींची प्रार्थना, एवढेच असे. हरवलेल्या मेंढराच्या उताऱ्याच्या आठवड्यात मुलाचा प्रश्न होता : ‘‘तुम्ही कधी हरवला होतात का, आणि तुम्हाला कोणी शोधलं?’’ अशा प्रश्नाला पुस्तकी उत्तर नसते. एका वडिलांनी नोकरी गेल्याच्या वर्षाबद्दल मुलाला पहिल्यांदा सांगितले, असे त्यांच्या पत्नीने नंतर बैठकीत सांगितले.

भाषेच्या प्रश्नावर मधला मार्ग निघाला. कागद एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीत छापला गेला, इंग्रजी मिस्सेला येणाऱ्या मुलांचा वेगळा गट झाला, आणि आजी-आजोबांना सांगण्यात आले की प्रार्थना तुमच्या बोलीतच शिकवा. ज्यांचे पालक येऊ शकत नव्हते त्या मुलांसाठी धर्ममाता-धर्मपित्यांना (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणाऱ्यांना) बोलावले गेले. कलम ७७४ त्यांनाही पालकांसारखेच कर्तव्य सांगते, पण बाप्तिस्म्याच्या फोटोनंतर त्यांना सहसा कोणी हाक मारत नाही. पायरीवर बसणाऱ्या आईला सिस्टरांनी स्वतः जाऊन आत आणले. ती पुढे क्वचितच गैरहजर राहिली आणि तिचे प्रश्न बैठकीतले सर्वांत नेमके प्रश्न असत.

आळीतल्या एखाद्या घरी चार-पाच मुलांनी एकत्र जमावे, असेही ठरले. त्याआधी मुलांच्या सुरक्षेचे नियम लिहून काढण्यात आले : दोन प्रौढ व्यक्ती असल्याशिवाय गट भरणार नाही, दार उघडे राहील, कोणा एका स्वयंसेवकाने मुलाला एकटे घरी नेऊ नये. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा कायदा आणि त्यानुसार तक्रार कळवण्याचे बंधन स्वयंसेवकांना समजावून सांगण्यात आले. काहींना हा अविश्वास वाटला. मला ही बाब वाटाघाटीची वाटत नाही. जेथे हे नियम लेखी नाहीत तेथे घरगुती गट सुरूच करू नयेत.

अनुभवी शिक्षिकेचा आक्षेप

या बदलाने सर्वांत दुखावली गेली ती चौथीचा वर्ग वर्षानुवर्षे सांभाळणारी निवृत्त शिक्षिका. ‘‘म्हणजे इतकी वर्षं आम्ही नुसती पोपटपंची करून घेतली?’’ असे तिने भर बैठकीत विचारले आणि दोन रविवार ती आली नाही. तरुण स्वयंसेवकांनी उत्साहाच्या भरात घोकंपट्टीवर बरीच टीका केली होती आणि पाठांतर जवळजवळ सोडून दिले होते.

तिचा आक्षेप निव्वळ मानापमानाचा नव्हता, हे फेब्रुवारीत कळले. प्रायश्चित्त संस्काराची तयारी सुरू झाली तेव्हा मुले क्षमेवर सुंदर बोलत होती, पण पश्चात्तापाची प्रार्थना अनेकांना सलग म्हणता येत नव्हती. विश्वासांगीकाराची (श्रद्धेची मूळ तत्त्वे सांगणाऱ्या प्रार्थनेची) तीच गत होती. शब्द ओठांवर नसतील तर दुःखाच्या किंवा भीतीच्या घडीला माणूस काय म्हणणार, हा त्या शिक्षिकेचा मुद्दा होता आणि तिने आपल्या आजारी आईचे उदाहरण दिले, जिला शेवटच्या दिवसांत मुलांची नावे आठवत नव्हती पण ‘नमो मरिया’ ही प्रार्थना पूर्ण येत होती. धर्मगुरू तिच्या घरी गेले, तिला परत बोलावले आणि पाठांतराचा भाग तिच्याकडे सोपवला, मात्र या अटीवर की प्रत्येक प्रार्थना आधी अर्थासह पालकांच्या बैठकीत म्हटली जाईल. कार्यक्रमात झालेल्या सर्व दुरुस्त्यांमध्ये मला ही सर्वांत मोलाची वाटते.

फलित

ईस्टरनंतर संस्काराआधीचे बोलणे या वेळी पालकांसमवेत झाले. मुलांची उत्तरे ओबडधोबड होती, काही चुकीचीही होती, पण ती त्यांची स्वतःची होती. शनिवारच्या बैठकीला साधारण दोनतृतीयांश घरांतून कोणी ना कोणी येत राहिले. चार पालक पुढच्या वर्षी वर्गाला शिकवायला तयार झाले आणि त्यांत ती परिचारिकाही होती, रात्रपाळी नसेल त्या रविवारांपुरती.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. इंग्रजी गट मराठी गटाइतका जमला नाही. इमारतींतली कुटुंबे एकमेकांना ओळखत नव्हती, आळीसारखी शेजारधर्माची चौकट त्यांना नव्हती आणि कागद अनेकदा न उघडता परत येई. काही घरे शेवटपर्यंत आलीच नाहीत. आणि संस्कार झाल्यावर, जूनमध्ये पाचवीच्या वर्गात, गळती पूर्वीइतकी नसली तरी झालीच. हळूहळू शनिवारची बैठकही ओस पडली, कारण पाचवीच्या पालकांसाठी कोणी ती बोलावलीच नव्हती.

काय वेगळे करता आले असते

कार्डाआधी घरभेटी व्हायला हव्या होत्या. समितीने पालकांच्या मनाचा अंदाज बांधला आणि त्यावर नियम उभा केला. त्यात पावसाळा गेला, शिवाय काही घरांत अशी कटुता आली की पुढे बैठकीला बोलावल्यावर ‘‘आता परत शिक्का का?’’ असे विचारले गेले. अनुभवी शिक्षिकांना नव्या पद्धतीची आखणी करतानाच बरोबर घेतले असते तर फेब्रुवारीतली धावपळ टळली असती.

स्वयंसेवकांच्या तयारीचा मुद्दाही मागे राहिला. १० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाचे कार्य ही चर्चमधील रीतसर सेवा म्हणून प्रस्थापित केली. ज्या कार्याला एवढा मान दिला गेला त्यासाठी धर्मग्रामाने स्वयंसेवकांना वर्षातून एखादे दिवसभराचे शिबिर देऊन भागवू नये. मुलांना गोष्ट सांगणे वेगळे आणि चाळिशीतल्या माणसाच्या शंकेला सामोरे जाणे वेगळे; शनिवारच्या बैठकीत धर्मगुरू नसले की स्वयंसेवक बावरत, हे मी पाहिले आहे.

माझ्या मते सर्वांत मोठी उणीव सुरुवातीच्या वयाची आहे. पालकांशी बोलणे मूल चौथीत गेल्यावर सुरू झाले. बाप्तिस्म्याच्या तयारीला आईवडील आणि धर्ममाता-पिता एकत्र येतात, तेव्हा त्यांच्या मनात प्रश्न असतात आणि तासभर बसायची तयारीही असते. तेथे ओळख झाली असती तर नऊ वर्षांनी परक्यासारखे दार ठोठवावे लागले नसते.

समितीपुढे सध्या दोन प्रस्ताव आहेत. पहिल्यानुसार शनिवारची बैठक चौथीपुरती न ठेवता दृढीकरणापर्यंत सर्व वर्गांच्या पालकांसाठी खुली करायची. दुसऱ्यानुसार प्रत्येक आळीत आणि प्रत्येक इमारतीत दोन घरांनी बाप्तिस्मा झालेल्या बाळांच्या कुटुंबांशी वर्षभर संपर्क ठेवायचा. पहिल्यासाठी माणसे कमी पडतात, दुसऱ्यासाठी इमारतींत घरे मिळत नाहीत. मराठी गटातल्या काही कुटुंबांनी इमारतींतल्या कुटुंबांना मे महिन्यात आपल्या आळीतल्या क्रुसापाशी होणाऱ्या रोझरीला बोलावले आहे आणि त्यांतल्या तिघांनी येण्याचे कबूल केले आहे.